उसनं पाणी

चष्मेवाल्यांनी पाण्याचा पेला खिडकीकडे धरला, एक डोळा मिटला, दुसरा बारीक केला आणि जाहीर केलं, "आहे. काहीतरी आहे."

"काय आहे?" बायकोने ओट्यावरची नजर न काढता विचारलं.

"ते कळलं असतं तर 'काहीतरी' म्हटलं असतं का?"

"तुमच्या चष्म्यावर असेल."

गावातल्या निम्म्या नाकांवर ज्याने चष्मे बसवले, त्या माणसाला स्वतःच्या स्वयंपाकघरात हे ऐकावं लागावं! त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला. पेल्यातलं काहीतरी जागचं हललं नव्हतं. उलट त्याला आता जोडीदार मिळाला होता.

एरवी चष्मेवाले पाणी बघून पिणाऱ्यांतले नव्हेत. नळाला आलं ते पाणी, आणि प्याल्यावर माणूस जागेवर राहिला तर ते चांगलं पाणी, इतका त्यांचा हिशेब सुटसुटीत होता. पण आदल्या दिवशी मुलीचा फोन आला आणि तो हिशेब कोलमडला. मुलगी दूरच्या शहरात. बाळंतपण सासरी झालं, आणि नेमकं तेव्हाच चष्मेवाल्यांची कंबर धरलेली. त्यामुळे नात त्यांनी पाहिली ती फक्त फोनवर. कधी तिचा एक कान दिसायचा, कधी कपाळ, आणि बहुतेक वेळा तिच्या खोलीच्या छताला लटकणारा पंखा. त्या पंख्याची पाती आजोबांना पाठ झाली होती. नातीचं नाक कोणावर गेलंय, हे मात्र अजून ठरायचं होतं, आणि ते आपल्यावर गेलं असावं या आशेवर हा माणूस जगत होता.

"येते बाबा, नक्की येते," मुलगी म्हणाली होती. "पण ती आता पाणी प्यायला लागलीय. तुमच्याकडच्या पाण्याचा रिपोर्ट काढा. तो बघते, मग तिकीट काढते."

"अगं, ह्याच पाण्यावर तू लहानाची मोठी झालीस!"

"म्हणूनच म्हणतेय. दर सुट्टीत माझं पोट धरून कोण बसायचं?"

"बरं, मग बाटल्या आणून ठेवतो विकतच्या. हाय काय नि नाय काय!"

"आणि आंघोळीला? दात येतायत तिला. दिसेल ते चाटते. परवा नळ चाटला."

नळ चाटला हे ऐकून आजोबांना इतकं कौतुक वाटलं की त्यांनी दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते सांगितलं. गिऱ्हाईक समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचत असायचं आणि हे पाठीमागून म्हणायचे, "खालून दुसरी ओळ. आणि बरं का, नळ चाटते आमची."

पाण्यात काहीतरी आहे, ही बातमी गल्लीत पसरायला पेला रिकामा व्हायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. मग सल्ले सुरू झाले. सल्ला ही एकच वस्तू अशी आहे की देणाऱ्याचं काही कमी होत नाही आणि घेणाऱ्याकडे काही शिल्लक राहत नाही. पहिले आले ते कोपऱ्यावरचे हेडमास्तर. ते निवृत्त झाले होते, पण तास संपल्याशिवाय कोणाला सोडायची सवय गेली नव्हती.

"काचेची बरणी घ्या," ते म्हणाले. "त्यात पाणी घ्या. चमचाभर साखर घाला. उन्हात ठेवा. पाणी गढूळलं, की वाईट."

"आणि नाही गढूळलं तर?"

"तर साखर वाईट."

समोरच्या शिंप्याने पांढरं कापड नळाला बांधायला सांगितलं आणि कापड आपल्याच दुकानातून न्यायला सांगितलं. शेजारच्या फिल्टरवहिनींचा तर सल्ला नसायचाच, फक्त उसासा असायचा. त्यांच्या स्वयंपाकघरात निळा दिवा लागणारं पाणी शुद्ध करायचं मशीन होतं. गल्लीत तसं दुसरं नव्हतं. पाहुणा आला की त्या आधी मशीन दाखवायच्या, मग बसायला सांगायच्या. बाईंचं खरं नाव काय, हे त्यांच्या नवऱ्यालाही जरा आठवून सांगावं लागे.

"भाऊजी, मी काय बोलणार?" त्या कुंपणावरून म्हणाल्या. "आम्हाला नळाच्या पाण्याची चवच आठवत नाही हो आता!"

चष्मेवाल्यांनी शेवटी दुकानाला दुपारचं कुलूप लावलं आणि पाणीपुरवठा कार्यालय गाठलं. गावाची मोठी टाकी जिथे उभी होती तिच्याच पायाशी हे कार्यालय होतं, आणि गावात पाणी नक्की कुठे मुरतंय हे कळायला त्याच्या भिंतींकडे एकदा बघणं पुरेसं होतं. खिडकीत एक कारकून बसला होता.

"तक्रार की विनंती?" त्याने विचारलं.

"फरक काय?"

"तक्रार असेल तर पाणी खराब असल्याचा पुरावा जोडा. विनंती असेल तर पाण्याबद्दल समाधान व्यक्त करा आणि मग विनंती करा."

"अहो, पाणी चांगलं की वाईट हेच तर कळायचंय मला!"

"मग ती चौकशी झाली. चौकशी पलीकडच्या खिडकीत."

चष्मेवाले पलीकडच्या खिडकीशी गेले. तिथे कोणी नव्हतं. मग हाच कारकून उठला, पाण्याचा घोट घेतला, आतून फिरून त्या खिडकीत येऊन बसला आणि जन्मात कधी न पाहिलेल्या माणसाकडे बघावं तसं बघून म्हणाला, "या, बोला. काय काम काढलंत?"

चष्मेवाल्यांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं. कारकुनाने पहिल्यापासून सगळं ऐकलं. माणसाने असा अलिप्तपणा साधला म्हणजे त्याला बढती का मिळत नाही, असा प्रश्न पडतो. अखेर त्याने मागच्या दाराकडे बोट केलं.

मागच्या खोलीत प्रयोगशाळा होती आणि प्रयोगशाळेत केमिस्टबाई होत्या. तरुण, चटपटीत, आणि आनंदाने नुसत्या फुललेल्या. दुसऱ्या बायका भाच्यांबद्दल बोलतात तशा या जंतूंबद्दल बोलायच्या.

"तुम्ही स्वतःहून आलात?" त्यांना खरंच वाटेना. "काका, इथे कोणी येतच नाही! लोक येतात ते पाणी आलं नाही म्हणून भांडायला. आलेल्या पाण्यात काय आहे हे विचारणारे तुम्ही पहिलेच." त्यांनी कपाटातून एक बंद बाटली काढली. "ही निर्जंतुक केलेली आहे. धुवायची नाही. विसळायचीसुद्धा नाही. झाकणाला आतून बोट लावायचं नाही. नळ थोडा वाहू द्यायचा, भरायची, झाकायची, तडक आणायची. कळलं?"

कळलं म्हणजे काय, पाठ झालं. वाटेत तीन ओळखीचे भेटले, त्यांनाही चष्मेवाल्यांनी ते म्हणून दाखवलं. घरी बायकोला दोनदा म्हणून दाखवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाह्या सरसावून ते नळाखाली बाटली धरणार, एवढ्यात दारात बसचा ड्रायव्हर. त्याचा चष्मा पायाखाली आला होता, आणि रस्त्यावर बस माणसांनी भरून उभी होती. "काका, मला समोरचं झाड दिसतंय, पण ते झाड आहे का, एवढं सांगा," तो म्हणाला. आता अशा वेळी नात बघायची की बस? चष्मेवाल्यांनी बाटली बायकोच्या हाती दिली, ती सगळी आज्ञावली चालता चालता पुन्हा म्हटली आणि दुकानाकडे पळाले. परत आले तर बाटली भरून, पुसून, ओट्यावर तयार होती. ते तशीच घेऊन कार्यालयात गेले.

रिपोर्ट आला त्या दिवशी ते कागद घेऊन कार्यालयाच्या पायरीवरच बसले. जंतू : नाहीत. गढूळपणा : नाही. क्षार : अत्यल्प. पिण्यास योग्य. उत्तम.

माणसाच्या मनाचा जमाखर्च मोठा विचित्र असतो. नात येणार म्हणून चष्मेवाल्यांना उड्या माराव्याशा वाटत होत्या, आणि आपण गल्लीभर 'पाण्यात काहीतरी आहे' म्हणून सांगितलं त्याचं काय, या विचाराने बसल्या जागी खुपत होतं. पण नातीपुढे आजोबाच्या शब्दाची किंमत ती काय! त्यांनी रिपोर्टाचा फोटो मुलीला पाठवला. तिचं उत्तर आलं : "छान. बघते."

"बघते म्हणजे येते," त्यांनी बायकोला समजावलं.

"बघते म्हणजे बघते," बायको म्हणाली. "माझी मुलगी आहे ती."

पण चष्मेवाले आता ऐकायच्या पलीकडे गेले होते. त्यांनी घरातल्या सगळ्या टेबलांच्या टोकांना चिंध्या बांधल्या. घर अपघात झालेल्या फर्निचरच्या दवाखान्यासारखं दिसू लागलं.

पाण्याच्या बाबतीत त्यांच्याहून जास्त आनंद झाला तो पाणीपुरवठ्याच्या साहेबांना. आख्ख्या नोकरीत या माणसाला कोणी चांगलं म्हटलं नव्हतं. पाणी सोडलं तर लवकर का सोडलं म्हणून शिव्या, उशिरा सोडलं तर उशिरा का म्हणून. अशा माणसाच्या हाती 'उत्तम' असा कागद पडावा! त्यांनी तो मोठा करून चौकात लावला. खाली लिहिलं, 'आमचं पाणी, तुमचं समाधान.' बाजूला चष्मेवाल्यांचा फोटो, हातात पेला. आणि येत्या रविवारी नाट्यगृहात समाधानी नागरिकाचा सत्कार.

याचा परिणाम असा झाला की गल्लीत पाणी उकळणं बंद झालं. हेडमास्तरांनी तर पाणी उकळायचं पातेलं धुऊन माळ्यावर टाकलं. "तुमच्यावर विश्वास आहे," ते म्हणाले. त्यांचं पोट नाजूक होतं. एवढ्या नाजूक पोटाने आपल्यावर विश्वास टाकावा, या कल्पनेने चष्मेवाल्यांचे डोळे भरून आले.

शनिवारी सकाळी कुंपणावरून फिल्टरवहिनींचा आवाज आला. आज त्यात उसासा नव्हता, धार होती.

"चौकात एवढा मोठा फलक लावलात, भाऊजी, त्यात आमचा एक शब्द नाही?"

"तुमचा? वहिनी, तुमचा काय संबंध?"

"घ्या! पाणी आमचं, फोटो तुमचा, वर विचारतात संबंध काय!"

चष्मेवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी वळून स्वयंपाकघराकडे पाहिलं. बायको अचानक डबे पुसायला लागली होती. स्वच्छ डबे.

"काय केलंस तू?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. बाटली घासली."

"घासलीस!"

"मग? दुसऱ्याची बाटली, कोणाकोणाच्या हातातून आलेली, तशीच भरून द्यायची? काय म्हणतील लोक? साबण लावून स्वच्छ घासली. मग म्हटलं तपासायला जातंय पाणी, उकळून द्यावं. उकळलं तर वर पांढरं पांढरं काहीतरी आलं."

"अगं, तेच तर तपासायचं होतं!"

"तेच दाखवायचं लोकांना? आपल्या घरातलं?" बायकोने फडकं खाली ठेवलं. "मुलगी परीक्षेला निघाली की तिला फाटका फ्रॉक घालून पाठवलं होतं का मी कधी? पाहुणे आले की उशांचे अभ्रे बदलतो ना आपण? म्हणून मग वहिनींकडून घेतलं बाटलीभर. साखर नाही का घेत आपण एकमेकींकडून!"

"उसनं पाणी!" चष्मेवाले खुर्चीवर कोसळले. खुर्चीच्या टोकाला चिंधी होती म्हणून बरं.

"आणि नुसतं नाही दिलं," कुंपणापलीकडून वहिनी म्हणाल्या. "आधी दोन पेले सोडून दिले, मग भरलं. पहिल्या पाण्याला जरा प्लास्टिकचा वास येतो."

म्हणजे चौकात लावलं होतं ते निळ्या दिव्याच्या मशीनचं प्रगतिपुस्तक. आणि त्याच्या जोरावर हेडमास्तरांचं पोट उघड्यावर पडलेलं.

बायको जवळ येऊन हळूच म्हणाली, "गप्प बसा उद्या. शाल द्या म्हणावं, फोटो काढा म्हणावं, घरी या. पोरगी येतेय ना? आली की आपण उकळून देऊ पाणी. कोणाला कळणारे?"

सल्ला चांगला होता. गेल्या पंधरवड्यातला सगळ्यात शहाणा सल्ला तोच होता, असं म्हटलं तरी चालेल. गप्प बसलं की नात येणार, बोललं की रिपोर्ट खोटा ठरणार आणि मुलगी तिकीट काढणार नाही, याहून सरळ हिशेब दुसरा नव्हता. चष्मेवाल्यांनी मान हलवलीसुद्धा. पण मग त्यांना ती नळ चाटताना दिसली. कान दिसला, कपाळ दिसलं, पंखा दिसला, आणि नळ. उकळलेलं पाणी पेल्यात देता येतं, नळाला कसं उकळणार?

रविवारी नाट्यगृह भरलं होतं. गल्ली पहिल्या दोन रांगांत बसली होती. साहेबांनी भाषण केलं, त्यात ते दोनदा हळवे झाले. पुष्पगुच्छ दिला. मग चष्मेवाले ध्वनिक्षेपकासमोर उभे राहिले, घसा साफ केला आणि म्हणाले, "हे पाणी माझं नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"काय ही नम्रता!" साहेब शेजाऱ्याच्या कानात म्हणाले.

"नाही, नाही. खरंच माझं नाही ते."

पुन्हा टाळ्या. हेडमास्तरांनी उभं राहून वाजवल्या.

चष्मेवाल्यांचा अभिमान आजवर कितीतरी तऱ्हांनी दुखावला गेला होता, पण खरं बोलताना कौतुक होणं ही तऱ्हा त्यांना नवी होती. त्यांनी पुष्पगुच्छ खाली ठेवला आणि ओरडले, "अहो, शेजारणीचं आहे! बायकोने बाटली घासली आणि शेजारच्या मशीनमधून पाणी भरलं! आमच्या नळाचं पाणी कसंय ते मला माहीत नाही, तुम्हाला माहीत नाही, साहेबांनाही माहीत नाही! हेडमास्तर, पातेलं खाली काढा!"

सभागृहात जो काही गोंधळ झाला त्याचं वर्णन करत नाही. फिल्टरवहिनी उठल्या, चारी बाजूंना वळून नमस्कार केला आणि बसल्या, एवढंच सांगतो. चष्मेवाल्यांची बायको खुर्चीत इतकी खाली सरकली की मागच्या रांगेला रंगमंच पहिल्यांदाच नीट दिसला. साहेबांचा चेहरा आटला. आणि शेवटच्या रांगेतून केमिस्टबाई अक्षरशः धावत पुढे आल्या.

"तरीच!" त्या आनंदाने ओरडल्या. "तरीच म्हटलं क्षार इतके कमी कसे! मी कागदावर प्रश्नचिन्ह काढलं होतं साहेब, तुम्ही फलकावर ते कापलंत!"

"फलकात बसत नव्हतं," साहेब पुटपुटले.

"आत्ता चला! आत्ताच्या आत्ता सगळ्यांसमोर नमुना घेऊ!"

मग काय, सगळी सभा रस्त्याने चष्मेवाल्यांच्या घराकडे निघाली. ज्याला पाण्याशी देणंघेणं नव्हतं तोही आला, कारण दुसऱ्याच्या नळात काय निघतं हे बघायला मिळत असेल तर माणूस जेवण सोडून येतो. बाईंनी आधी फाटकाजवळचा नळ उघडला. हा थेट गावाच्या पाइपला जोडलेला. नळाच्या तोंडावर त्यांनी चक्क ज्योत फिरवली, पाणी वाहू दिलं, छोट्या नळीत घेतलं आणि त्यात औषधाचे थेंब सोडले. नळी गुलाबी झाली.

"गुलाबी म्हणजे वाईट ना?" शिंप्याने आशेने विचारलं.

"गुलाबी म्हणजे क्लोरीन आहे. पाण्याचा राखणदार जागा आहे."

साहेब एकदम अर्धी वीत उंच झाले.

मग स्वयंपाकघरातला नळ. हे पाणी गच्चीवरच्या टाकीतून येणारं. तीच ज्योत, तशीच नळी, तेच थेंब. सगळी गल्ली श्वास रोखून. नळी गुलाबी होईना. बाईंनी हलवली. पांढरीच. स्वच्छ, निर्विकार पांढरी, त्या खिडकीतल्या कारकुनासारखी.

"म्हणजे?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"म्हणजे काका, पाणी तुमच्या फाटकापर्यंत चांगलं येतं. बिघडतं ते तुमच्या घरात."

हे वाक्य माणसाने एकट्याने ऐकायचं असतं. चष्मेवाल्यांनी ते गल्लीसकट ऐकलं. पण बाई कुठल्या थांबायला? त्या जिना चढूनही गेल्या, आणि पाठोपाठ जितके मावतील तितके नागरिक. टाकीचं झाकण वादळात उडालं होतं, त्याला बराच काळ लोटला होता. त्या जागी चष्मेवाल्यांनी दुकानाची जुनी पाटी ठेवली होती. पाटी तोंडापेक्षा लहान होती. 'येथे नजर तपासून मिळेल', असं त्यावर सुरेख अक्षरात लिहिलेलं, आणि त्या अक्षरांच्या बाजूने कबुतरं आरामात ये-जा करत होती. आत पिसं होती, गाळ होता, आणि ज्याकडे बाईंनी प्रेमाने बघून 'अय्या!' म्हटलं असं काहीतरी होतं.

काहीतरी होतंच, हे सिद्ध झालं. पण त्या क्षणी चष्मेवाल्यांना ते जाहीर करावंसं वाटलं नाही.

"हॅहॅहॅ!" हेडमास्तर हसले. मग बाईंनी मान वळवून शेजारच्या गच्चीकडे पाहिलं. तिथल्या टाकीवर पत्रा होता, पत्र्याला भोक होतं. त्यापलीकडच्या टाकीवर नुसता मेणकापडाचा तुकडा. हेडमास्तरांच्या टाकीवर शाळेतला जगाचा नकाशा होता, त्यात दोन खंड फाटलेले. हसू हळूहळू विरत गेलं, आणि नागरिक एकेक करून, घरी काहीतरी राहिलंय असं आठवून, खाली उतरू लागले. फिल्टरवहिनी तेवढ्या थांबल्या होत्या. बाई म्हणाल्या, "मशीनची जाळी कधी बदलली होती, काकू?" तेव्हा त्याही उतरल्या.

जंतूंचा रिपोर्ट दोन दिवसांनी आला. फाटकाचा नळ पास. स्वयंपाकघर नापास, ठळक अक्षरांत. चष्मेवाल्यांनी बराच वेळ तो कागद हातात धरला, मग त्याचा फोटो काढला, पाठवला आणि मुलीला फोन लावून एका दमात सगळं सांगितलं. बाटली, साबण, उसनं पाणी, पुष्पगुच्छ, पाटी, कबुतरं. पलीकडून पंख्याचा आवाज तेवढा येत होता.

"बरं," मुलगी शेवटी म्हणाली. "ठेवते बाबा."

"ठेवते म्हणजे?" त्यांनी बायकोला विचारलं.

या वेळी बायकोनेही अर्थ सांगितला नाही.

मग त्यांनी टेबलांच्या चिंध्या सोडल्या नाहीत, पण त्यांच्याकडे बघणं सोडलं. गल्लीत सगळीकडे गच्च्यांवर घासाघीस चालू होती. साहेबांनी चौकातला फलक उतरवून त्या जागी 'टाक्या झाका' असा लावला होता. त्यात फोटो नव्हता. चष्मेवाल्यांनी टाकी रिकामी केली, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, ब्रश घेतला आणि स्वतः आत उतरले. माणूस ठेवता आला असता. पण नात येवो न येवो, ही टाकी आपण आपल्या हातांनी घासायची, असं त्यांना वाटलं. आत वाकून, गुडघे पोटाशी घेऊन ते इतक्या जोराने घासत होते की बाहेरून बघणाऱ्याला टाकी ताप भरल्यासारखी हलताना दिसत होती. अंगाला ब्लीचिंग पावडरचा वास, केसांत पीस, गालावर हिरवा पट्टा. शेवटचा कोपरा लखलखला तेव्हा ते सरळ झाले आणि डोकं टाकीच्या तोंडातून बाहेर आलं.

समोर मुलगी उभी होती. कडेवर नात.

चष्मेवाल्यांना वाटलं, ब्लीचिंग डोक्यात गेलं.

"तू... तू आलीस? रिपोर्ट नापास झाला गं!"

"म्हणून तर आले," मुलगी म्हणाली. प्रवासाने तिचे केस विस्कटले होते आणि ती हसू दाबत होती. "पहिला आला ना, उत्तम उत्तम उत्तम, तेव्हाच मला वाटलं, हे आपल्या घरचं पाणी नाही. आपल्या घरातलं काहीही पहिल्या फटक्यात पास झालेलं मी पाहिलेलं नाही, बाबा. मी गणितात दोनदा. तुम्ही गाडी चालवायच्या परीक्षेत तीनदा."

"ते वळण चुकीचं आखलं होतं."

"दुसरा रिपोर्ट नापास आला, वर तुम्ही स्वतः फोन करून सांगितलंत. म्हटलं, आता खरं काय ते कळलं. खरं कळलं की दुरुस्त होतं. फोन ठेवला आणि तिकीट काढलं."

चष्मेवाल्यांनी नातीकडे पाहिलं. आख्खी नात. दोन कान, एक कपाळ, आणि पंख्याशिवाय. नाक त्यांच्यावरच गेलं होतं, थोडं डावीकडे झुकलेलं, तंतोतंत. त्यांना हात पुढे करावेसे वाटले, पण हात कोपरापर्यंत हिरवे. पाय टाकीत अडकलेले.

"घेता येत नाही गं मला," ते कळवळून म्हणाले. "जरा जवळ धर ना. अशी. वर धर. बघू दे मला."

मुलीने नातीला दोन्ही हातांनी उचललं आणि टाकीच्या तोंडावर, आजोबांच्या नाकासमोर धरलं. प्रवासात ओला झालेला लंगोट नुकताच काढला होता, आणि पोरीच्या पायांना मोकळी हवा लागत होती. नातीने आजोबांकडे टक लावून पाहिलं. अतिशय गंभीरपणे पाहिलं. मग तिच्या तोंडावर एक गाढ समाधान पसरलं, आणि उभ्या आजोबांच्या छातीवरून, पोटावरून, लखलखीत घासलेल्या तळापर्यंत एक उबदार धार निघाली.

"अगं अगं अगं!" मुलगी किंचाळली. बायको जिन्यातून धावत आली.

पलीकडच्या गच्चीवरून, नकाशा हातात धरून, हेडमास्तरांनी हाक मारली, "काय झालं हो? टाकी झाली का घासून?"

चष्मेवाल्यांनी ब्रश हवेत उंच धरला. चौकातल्या फोटोतसुद्धा त्यांचा चेहरा इतका खुललेला नव्हता.

"झाली होती!" ते ओरडले. "पुन्हा घासतोय!"